बसलेलं बीज

बैलगाड्यांच्या शर्यतीत बैल पळाला तर त्याचं कौतुक होतं आणि बसला तर त्याच्या मालकाची चेष्टा होते. झेंडा पडतो, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून जातात आणि एखादा बैल भर मैदानात पाय दुमडून खाली बसतो. अशा वेळी सर्जेराव खबाले माईक ओठांना भिडवत आणि लांबलचक हेल काढून म्हणत, "बसलाऽऽऽ!" त्या एका शब्दावर अख्खं मैदान खदखदून हसायचं. कराड तालुक्यात कुणी निवडणूक हरलं, कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला किंवा कुणाचं पोरगं नापास झालं, तरी लोक तोच हेल काढत.

आता काळ पुढं गेला होता. मैदानावर ड्रोन घिरट्या घालत, निकाल यंत्रं देत, बैलांच्या कानांत चिपा होत्या. समालोचन मात्र अजून माणूसच करायचा, आणि तो माणूस म्हणजे सर्जेराव. या जिल्ह्यातले निम्मे बैल आपल्याच नावाचे, म्हणजे 'सर्जा', आहेत आणि बैल घेताना लोक आपल्यालाच विचारतात, हे ते स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कराडमधल्या एका गर्भधारणा केंद्राचे मालक गाडी घेऊन दारात आले, तेव्हा यांनाही बैल घ्यायचा असणार, असंच त्यांना वाटलं.

प्रकरण निराळंच होतं. केंद्रात 'नळी' आली होती. मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी पूर्वी डॉक्टर काचेच्या बशीत स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवत, नाहीतर सुईनं एक शुक्राणू उचलून थेट बीजात सोडत. नळीत हा धसमुसळेपणा नव्हता. शेवईएवढी बारीक, पारदर्शक नळी. तिला आतून खऱ्या गर्भनलिकेच्या पेशींचं अस्तर, शरीरासारखीच ऊब, शरीरासारखाच पाझर. दोघांना आत सोडायचं आणि त्यांचं त्यांना जमवू द्यायचं. वर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे एक यंत्र. त्याला केंद्रातले सगळे 'पंच' म्हणत. पंच चित्र बघायचा, दिसेल ते शब्दांत सांगायचा आणि त्या शब्दांवरून निकाल द्यायचा, की नळी चालू ठेवायची की रिकामी करायची.

"पण आमचा पंच फार रटाळ बोलतो हो," मालक म्हणाले. "जोडपी बाहेर पडद्यासमोर बसतात आणि जांभया देतात. तुम्ही त्याला बोलायला शिकवा."

सर्जेरावांनी मग महिनाभर केंद्रातल्या जुन्या चित्रफिती बघितल्या आणि त्यांवर जीव ओतून समालोचन केलं. शेपट्या हलवत निघालेली ती झुंड पाहून त्यांना मैदानच आठवलं. "सुटली गाडी! वाऱ्याशी पैज! आला, आला, भिडला!" असा त्यांचा पट्टा सुरू झाला. गोल, मोठं, जागचं न हलणारं बीज दिसलं की काय बोलायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. ते हलत नव्हतं, म्हणजे बसलं. पंचानं त्यांचा आवाज उचलला, हेल उचलला आणि शब्दही उचलले. केंद्राची भरभराट झाली. लोक हसत हसत आत जात.

सर्जेरावांची एकुलती एक लेक प्रांजल ओगलेवाडीला शाळेत गणित शिकवायची. जावई सुयोग सौरपंप दुरुस्त करायचा. दोघंही दीड वर्ष त्याच केंद्रात जात होती आणि माहेरी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. आण्णांना सांगितलं की पुढच्या मैदानात ते माईकवरून जाहीर होणार, याची प्रांजलला खात्री होती आणि तिचा अंदाज काही चुकीचा नव्हता.

भाद्रपदातल्या एका रविवारी ती एकटीच माहेरी आली. सर्जेरावांनी ओट्यावरूनच हाताचा माईक केला. "आली आलीऽऽ! ओगलेवाडीची गाडी..."

"आण्णा, तो आवाज बंद करा," प्रांजल म्हणाली आणि तडक स्वयंपाकघरात गेली.

सर्जेराव चाटच पडले. लेक त्यांच्या आवाजावर वाढली होती. तिला अंगाईसुद्धा त्यांनी समालोचनातच म्हटली होती. ते मागोमाग आत गेले. प्रांजल आईजवळ पाटावर बसली होती आणि सुलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हळूहळू सगळं बाहेर आलं.

"परवा आम्ही पडद्यासमोर बसलो होतो," प्रांजल म्हणाली. "सुयोगचे शुक्राणू निघाले तेव्हा तुम्ही केवढे ओरडत होता! 'ओगलेवाडीचा वाघ निघाला!' सुयोग लाजून लाल झाला. आणि मग माझं बीज दिसलं. थोडा वेळ गेला आणि तुम्ही..."

"मी? अगं, मी तर त्या दिवशी वडूजच्या मैदानात हुतो."

"तुमच्या आवाजात, आण्णा. 'बसलंऽऽऽ! बीज बसलं!' मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वाईट मनानं नाही. सवयीनं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग त्यांनी नळी रिकामी केली. आता एकच बीज तयार होतंय, घटस्थापनेच्या सुमाराला. त्यानंतर मी जाणार नाही. माझं अंग थकलंय इंजेक्शनांनी. पण त्या एकाला तरी तुम्ही बसलं म्हणू नका."

"म्या काय तुला म्हटलं का गं पोरी..."

"मग कुणाला म्हटलं?" सुलाबाईंनी विचारलं. "कुणाच्या तरी लेकीलाच म्हटलं न्हवं? आवं, बोलताना जिभेला काय हाड?"

 एवढ्या वर्षांत हजारो माणसांना हसवणारा हेल आपल्याच लेकीच्या काळजात रुतला, याचं सर्जेरावांना इतकं वाईट वाटलं की त्या दुपारी ते जेवले नाहीत आणि कुणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते तणतणत केंद्रात गेले. नळीचा सगळा कारभार डॉ. अफरीन मुल्ला यांच्याकडे होता. चाळिशीच्या, शांत, पण शब्दाला फार काटेकोर अशा या बाई.

"म्याडम, माझा आवाज त्या पंचातनं आत्ताच्या आत्ता काढा," सर्जेराव खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले.

"मीच तुम्हाला फोन करणार होते," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "आवाज काढणं सोपं आहे, काका. पण शब्द आत राहतील. आणि दुखणं शब्दांचं आहे."

त्यांनी पडद्यावर एक चित्रफीत लावली, अगदी संथ केलेली. "हा शुक्राणू बघा. काय करतोय?"

"पळतोय की."

"नीट बघा. पुढं जायला लागतो त्याहून जास्त जोर तो डोकं डावीकडं-उजवीकडं हलवण्यात घालवतोय. त्याच्या अंगात भेदण्याइतकी ताकदच नाही. इथवर तो बराचसा नळीतल्या पेशींच्या हालचालीमुळं आलाय. वाटेत अस्तराला चिकटून कितीतरी वेळ विसावलाय. बीजाभोवतीच्या द्रवातून खुणेचे रेणू सुटतात, त्यांच्या मागानं त्याला दिशा कळली. आता इथं बघा. बीजाच्या कवचावरच्या साखरेच्या आणि प्रथिनांच्या साखळ्यांनी त्याला धरलं. कवचातून वाट काढायला त्याच्या डोक्यातले रस आणि शेपटीची वळवळ कामी आली. आत पोचल्यावर बीजाच्या पृष्ठभागावरच्या बारीक बोटांनी त्याला कवेत घेतलं. आणि एकदा घेतल्यावर बीजानं कवच असं बदललं, की दुसऱ्या कुणाला आत येता येऊ नये."

सर्जेराव डोळे बारीक करून बघत होते. "मंग पयला नंबर कुणाचा?"

"कुणाचाच नाही. सगळ्यांत आधी पोचणारे बहुतेक वेळा तयारच नसतात, ते तसेच गळून जातात. ही शर्यत नाहीच, काका."

हे ऐकून सर्जेरावांना मैदानातून उठवून लावल्यासारखं झालं. शर्यत नसेल, तर आपण महिनाभर ओरडलो कशाला?

डॉ. मुल्ला सांगत गेल्या. पंच चित्रं आणि वाक्यं जोडून शिकला होता. ज्या हालचालीला शब्द मिळाला, ती त्याला दिसायची. जिला शब्द नाही, ती त्याच्या लेखी घडतच नव्हती. शुक्राणूसाठी त्याच्याकडे धावणं, झेपावणं, भिडणं, भेदणं, जिंकणं अशी क्रियापदांची रास होती. बीजासाठी होती दोन, थांबलं आणि बसलं. दुसरा शब्द ऐकला की नळी रिकामी.

"हे तुम्ही एकट्यानं नाही केलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी त्याला जगभरची पाठ्यपुस्तकं वाचायला दिली होती. त्यांत पुरुषाच्या पेशी रोज कोट्यवधी तयार होतात, म्हणून वाहवा. आणि बाईच्या पेशी जन्मापासूनच असतात, म्हणून तो शिळा साठा. तो मोहिमेवर निघतो, ती वाट बघत पडून राहते. तीच पुस्तकं वाचून मी डॉक्टर झाले. 'बसलं' ऐकलं की माझाही हात बटणाकडं जायचाच." "आणि आपल्या भाषेचीही गंमत बघा. शुक्राणू 'तो', आणि स्त्रीबीज?"

"ते," सर्जेराव म्हणाले आणि चपापले. "आयला, बाईचं बीज आन् ते?"

"स्टूल ते, टेबल ते, बीज ते. पंचानं तिला सामानात धरलं. उद्यापासून आपण तिला अंडपेशी म्हणणार आहोत. पेशी म्हटलं की आपोआप 'ती' झाली."

मग त्यांनी दुसरी फीत लावली. एका अंडपेशीनं शुक्राणू धरले होते. त्यांच्या वळवळीनं आणि तिच्या पकडीनं ती जागच्या जागी गरगरत होती, फुगडीच्या शेवटी पोरी जशा सावकाश फिरतात तशी. हळूहळू ती स्थिर झाली. आणि सर्जेरावांच्या कानावर त्यांचाच आवाज आदळला. "बसलंऽऽऽ!" पडदा काळा झाला.

"या घटकेला आत खरं काम सुरू झालेलं असू शकतं," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "नेमक्या त्याच वेळी आपण नळी रिकामी केली. अशा फिती मला आता बऱ्याच सापडताहेत."

"ही... ही कुणाची हाय?"

"ते मला सांगता येणार नाही, काका. कुणाचंच सांगता येणार नाही."

 सर्जेरावांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "कुठं बोलायचं ते सांगा. सगळं परत बोलतो."

परत बोलणं मात्र पहिल्यासारखं सोपं नव्हतं. आधी त्यांनी कबड्डी लावली. "चढाईला आलाय गडी, आणि अंडपेशीनं केली पकड! बाद, बाद, बाद!"

"ते एकमेकांचे वैरी आहेत का?" डॉ. मुल्लांनी विचारलं.

मग त्यांनी बघण्याचा कार्यक्रम लावला. "अंडपेशीनं पोरं बघितली. ह्याची शेपूट वाकडी, त्याचं डोकं बारीक, नाक मुरडलं आणि म्हणाली, पुढचा पाठवा!" प्रयोगशाळेतल्या मुली पोट धरून हसल्या. डॉ. मुल्लाही हसल्या. पण मग म्हणाल्या, "काल ती सुस्त होती, आज नखरेल झाली. बाईला बसायला एवढ्या दोनच जागा का हो, काका?"

"मंग बोलू तरी काय?" सर्जेराव वैतागले.

"दिसतंय ते."

समालोचकाला याहून अवघड काम नाही. त्यांनी रोज जाऊन सराव केला. ती धरते. तो वळवळतो. ती आत घेते. तो विरघळतो. ती कवच बदलते. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण ओरडत नाही आहोत आणि तरी आपल्याला गंमत वाटते आहे. एकच जागा अडली होती. ती स्थिर होते, तिथं काय म्हणायचं? थांबली म्हटलं तर पंच पुन्हा जुन्या वळणावर जायचा. आतली घडामोड डोळ्याला दिसत नव्हती आणि न दिसणाऱ्या गोष्टीचं समालोचन त्यांनी जन्मात केलं नव्हतं. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि प्रांजलची तारीखही.

एक दिवस ते असेच डोकं खाजवत घरी आले, तर सुलाबाई दारातच आडव्या आल्या. "चपला भाईर काढा. हातपाय धुवा. घट बसले आज."

सर्जेराव एक चप्पल पायात आणि एक हातात, असे उभे राहिले. "काय म्हणालीस?"

"घट बसले म्हटलं. कान गेले का तुमचे?"

देवघरात परडीत काळी माती होती, तीत धान्य पेरलेलं, मध्ये पाण्यानं भरलेला घट, वर विड्याची पानं आणि नारळ. सुलाबाई समई सारखी करत म्हणाल्या, "आता दसऱ्यापत्तुर हितं कुणी हात लावायचा न्हाय. बसलेला घट हलवत न्हाईत. आत काय चाललंय ते त्याचं त्याला म्हाईत."

हाच शब्द. आयुष्यभर ज्याच्यावर मैदान हसवलं, तोच शब्द घरात दर वर्षी हात जोडून उच्चारला जात होता, आणि सर्जेरावांना तो कधी ऐकूच आला नव्हता. गणपती बसतो, घट बसतो, गळ्यात सूर बसतो, घडी बसते. बैलालाच तेवढं बसायची चोरी! त्यांनी हातातल्या चपलेसकट डॉ. मुल्लांना फोन लावला.

डॉ. मुल्लांनी सगळं ऐकून घेतलं. "माती मात्र नको, काका," त्या म्हणाल्या. "बाई म्हणजे जमीन आणि पुरुष म्हणजे बी, हेही जुनंच दुखणं आहे. पण क्रियापद द्या मला. बसली, म्हणजे तिला हलवू नका."

"तेच तर म्हंतोय! बसली म्हंजे हात लावू नका!"

दोन दिवस त्यांनी जुन्या फितींवर तेवढीच जागा पुन्हा पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी पंचाला एक फीत दाखवली. अंडपेशी गरगरली, सावकाश स्थिर झाली. पंच गप्प होता. मग सर्जेरावांच्याच आवाजात, पण हेल न काढता तो म्हणाला, "ती बसली आहे. काहीतरी करते आहे. काय, ते मला सांगता येत नाही. थांबूया." डॉ. मुल्लांनी टेबलावर थाप मारली.

प्रांजलला हे सगळं सुलाबाईंकडून कळलं. आपल्या दिवशी तिनं वडिलांना आत येऊ दिलं, पण अट घालून. "आण्णा, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. गप्प बसायचं."

"बसतो," सर्जेराव म्हणाले. त्यांनी खरोखरच ओठ मिटले आणि हात मांडीवर ठेवले. सुयोगनं त्यांच्याकडे दोनदा अविश्वासानं बघितलं. प्रांजलनं पंचाचाही आवाज बंद करायला लावला होता. पडदा मुका होता.

पडद्यावर ती आली. गोल, उजळ, एकटी. सर्जेरावांना वाटलं, किती देखणी आहे ही, आणि आपण हिला काय काय बोललो. शुक्राणू येत राहिले. पहिले आले ते भोवती फिरून गळून गेले. नंतरच्यांतले काही तिनं धरले. ती हळूहळू फिरू लागली. प्रांजलनं एका हातानं सुयोगचा हात धरला होता. दुसऱ्या हातानं तिनं न बघताच वडिलांचं मनगट पकडलं. सर्जेरावांच्या घशाशी शब्दांचा लोंढा आला होता, पण त्यांनी तो गिळला.

फिरणं मंदावलं. मग ती स्थिर झाली.

याच जागी मागच्या वेळी सगळं संपलं होतं. डॉ. मुल्लांनी आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट गुंफले. पडद्याच्या कोपऱ्यात पंचाची अक्षरं उमटली, "ती बसली आहे. थांबूया."

"घरी जा," डॉ. मुल्ला हलकेच म्हणाल्या. "उद्या सकाळी बघू."

सकाळी पडद्यावर अंडपेशीच्या आत दोन लहान, गोल ठिपके होते, एकमेकांना खेटून. एक तिचा, एक त्याचा. त्यांत थोरला कोण आणि धाकटा कोण, हे काही सांगता येत नव्हतं. सुयोग रडायला लागला. प्रांजल हसत होती आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं घरी फोन लावला.

"आई, बसली गं!"

"कोण बसली?" सुलाबाई पलीकडून ओरडल्या, आणि मग त्यांना कळलं.

"आण्णा," प्रांजल वडिलांकडे वळली, "आता बोला की."

सर्जेरावांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तीस वर्षं मैदान गाजवलेला तो माणूस लेकीच्या डोक्यावर हात ठेवून नुसताच हुंदके देत राहिला. त्या दिवशी त्यांना समालोचन जमलं नाही ते नाहीच.

माघात गावच्या यात्रेचं मैदान भरलं. प्रांजल मंडपात खुर्चीवर, पोटावर हात ठेवून चिंचा खात बसली होती. झेंडा पडला, गाड्या सुटल्या आणि एका गाडीचा पांढराशुभ्र बैल निघता निघता मैदानाच्या मधोमध मजेत खाली बसला. मालकानं मान खाली घातली. हजारो माणसांनी श्वास रोखून माईककडे बघितलं. सगळ्यांना तो हेल हवा होता.

सर्जेरावांनी माईक ओठांना लावला. मंडपातल्या लेकीकडे एकदा बघितलं.

"गप ऱ्हावा रं जरा," ते म्हणाले. "बसलाय तो. हात लावू नका कुणी. त्याचं आत काय चाललंय, ते आपल्याला हितनं कुठं दिसतंय?"